जुनी मोटार आणि तिचा मेस्त्री

मोटारीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपण सामान्यतः तिच्या जन्मकथेपासून सुरुवात करतो. जर्मनीत कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट मिळविले; अमेरिकेत हेन्री फोर्ड याने १९०८ साली 'मॉडेल टी' बाजारात आणली आणि १९१३ साली सरकत्या साखळीवर गाड्या जुळविण्याची पद्धत सुरू करून श्रीमंतांची ही चैन सामान्य माणसाच्या दाराशी आणून उभी केली. ही हकीकत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की हा इतिहास तेथेच थांबतो. एखाद्याचे चरित्र लिहावयास बसावे आणि बारसे आटोपताच लेखणी खाली ठेवावी, तसा हा प्रकार आहे. गाडीचे खरे आयुष्य फाटकाबाहेर सुरू होते. ती कोणाच्या हाती पडते, कोठे अडते, अडल्यावर तिला चालती कोण करतो, आणि ती म्हातारी झाली म्हणजे तिला सांभाळतो कोण, या प्रश्नांची उत्तरे इतिहासग्रंथांत क्वचितच सापडतात.

आपल्या देशाच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. मोटारीचा शोध आपण लावला नाही. पण मोटार जगविण्याची विद्या मात्र आपण अशी काही आत्मसात केली, की जी गाडी तिच्या जन्मभूमीतून केव्हाच नाहीशी झाली होती, ती आपल्या रस्त्यांवर पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ धावत राहिली. तेव्हा जुन्या मोटारीचा इतिहास लिहावयाचा, तर तो कारखानदारांइतकाच दुरुस्ती करणाऱ्यांचाही लिहिला पाहिजे. हे म्हणणे नुसत्या तत्त्वाने पटावयाचे नाही, म्हणून आज मी एकच गाडी समोर ठेवणार आहे. ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे: कुर्ल्याला तयार झालेली फियाट अकराशे, जिला पुढे प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळाले.

परंतु फियाटकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. मोटार जगात आली तेव्हापासूनच तिचा मालक आणि तिचे यंत्र यांच्या नात्याचे दोन प्रकार दिसून येतात. पहिला प्रकार बड्या लोकांचा. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइससारखी गाडी घेणारा उमराव स्वतः बॉनेट उघडीत नसे. त्यासाठी त्याच्या पदरी शिकविलेला चालक असे, आणि अशा चालकांना तयार करण्यासाठी ती कंपनी शाळा चालवी. दुसरा प्रकार अमेरिकन शेतकऱ्याचा. मॉडेल टी घेणाऱ्या शेतकऱ्याजवळ चालक नव्हता आणि जवळपास गॅरेजही नव्हते. म्हणून फोर्ड कंपनीने गाडीबरोबर प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली एक पुस्तिका दिली. इंजिन का अडते, पाणी का तापते, असे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींवर गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांच्याबरोबर लक्षावधी माणसे आपापल्या अंगणात हातात पाना घेऊन यंत्रविद्या शिकली.

हिंदुस्थानात मोटार आली ती पहिल्या वाटेने. १८९८ च्या सुमारास मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या. त्यांच्या आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. त्यानंतर संस्थानिक, बॅरिस्टर, डॉक्टर, गिरणीमालक अशांच्या दाराशी गाड्या दिसू लागल्या. मालक मागच्या गादीवर, आणि यंत्राचे ज्ञान पुढच्या गादीवर, अशी आपल्याकडची विभागणी पहिल्या दिवसापासून ठरून गेली. ज्याच्या हाताला तेल लागते त्याच्या बुद्धीची गणना विद्येत करावयाची नाही, ही आपल्या समाजाची जुनी खोड. मोटारीच्या बाबतीतही तिने आपला हिशेब चुकता केला. गाडीचा मालक कोण होता हे कागदोपत्री सापडते. ती तीस वर्षे चालती ठेवणाऱ्याचे नाव मात्र कोठेच सापडत नाही.

१९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईस शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. फोर्डही मागोमाग आली. परंतु हे काम जुळणीचे होते. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि येथे ते एकत्र बसवावयाचे. मोटार येथेच घडली पाहिजे, ही आकांक्षा धरणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रभागी होते. त्यांनी अमेरिकेतील क्राइस्लर कंपनीशी बोलणी केली. १९४४ साली 'प्रीमिअर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनने आपला अहवाल दिला. ज्यांना गाडीचे भाग या देशात बनविण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच येथे राहू द्यावे, हे सरकारचे धोरण झाले, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. मैदानात राहिलेल्या मोजक्या कारखान्यांपैकी तीन नावे मोटार घेणाऱ्यांच्या तोंडी असत: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याचा हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचा स्टँडर्ड आणि मुंबईचा प्रीमिअर.

प्रीमिअरने इटलीच्या फियाट कंपनीचा हात धरला. फियाटचे नामांकित अभियंते दांते जाकोसा यांनी आखलेली नवी अकराशे गाडी १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि थोड्याच काळात तिची जुळणी कुर्ल्यास सुरू झाली. गाडी नवी होती खरी, पण तिचे इंजिन मुळात १९३७ सालचे. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, ओतीव लोखंडी ब्लॉकचे आणि अल्युमिनिअमच्या हेडचे हे इंजिन म्हणजे साधेपणाचा नमुना होता. पुढे आलेल्या त्या गोल नाकाडामुळे आपल्या लोकांनी पहिल्या गाड्यांचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले. नाव दिसावयास तुच्छतेचे, पण त्यात घरच्या जनावराविषयी असावा तसा जिव्हाळा होता. १९६४ च्या सुमारास चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इटलीत अकराशेचे उत्पादन १९६९ सालीच थांबले होते. कुर्ल्यात मात्र ती २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिली.

या दीर्घायुष्याचे पहिले कारण गाडीच्या अंगच्या गुणांत नाही, आपल्या टंचाईत आहे. त्या काळी गाडी हवी असली तर पैसे भरून नंबर लावावा लागे, आणि नंबर येईतो वर्षे लोटत. त्यामुळे अर्थशास्त्राचा एक सामान्य नियम उलटा फिरला. वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा स्वस्त असावी, ही जगाची रीत. आपल्याकडे थोडी वापरलेली फियाट कित्येकदा कारखान्याच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती. अशी वस्तू कोणी मोडीत काढीत नाही. घरातील दागिना मोडवा तसे गाडी विकणे हे संकटकाळचे कृत्य झाले. बापाने घेतलेली गाडी मुलाच्या लग्नात वरातीला निघाली आणि नातवाने तिच्यावर चालविण्याचे धडे घेतले, अशी कुटुंबे शहरोशहरी होती.

या टंचाईने एक गोष्ट मात्र चांगली केली. बॉनेट न उघडणारा जो मालक आपण मघाशी पाहिला, त्याला तिने पुढच्या गादीवर आणून बसविले. मध्यमवर्गीय माणसाने मोठ्या कष्टाने गाडी घेतली; चालक ठेवण्याची ऐपत नव्हती. मग रविवारची सकाळ गाडीची झाली. रेडिएटरमध्ये पाणी पाहावयाचे, डिपस्टिक पुसून तेल मोजावयाचे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून तो सैल तर पडला नाही ना हे तपासावयाचे. डिकीत स्टेपनीशेजारी एका पिशवीत चार पाने, पक्कड, जादा प्लग, जादा पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि पॉलिश कागदाचा एक तुकडा असे. लांबच्या प्रवासाला निघताना शिदोरीइतकीच ही पिशवी आवश्यक मानली जाई.

आता ही गाडी अडली म्हणजे काय करीत, हे थोडे तपशिलाने पाहू; कारण या विद्येचे शास्त्रीय स्वरूप तेथेच दिसून येते. पेट्रोलचे इंजिन चालावयास तीन गोष्टी लागतात. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, आणि ते मिश्रण दाबून धरणारे घट्ट सिलिंडर. जाणता मेस्त्री या तिहींचा क्रम मनात ठेवूनच हात चालवी. प्रथम तो प्लगची वायर काढून टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरी आणि सेल्फ मारावयास सांगे. निळी, कडक ठिणगी पडली तर विजेचा दोष नाही. पिवळी, मरतुकडी पडली तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावयाचे. आत पॉइंटच्या दोन टोकांची उघडझाप होऊन ठिणगीची वेळ साधली जाते. ही टोके जळून काळी पडतात, त्यांच्यामधील फट कमीजास्त होते. ती पॉलिश कागदाने घासून, फट पुन्हा बेताची करून, दहा मिनिटांत गाडी सुरू होई. टोके वारंवार जळू लागली तर दोष त्यांचा नसून शेजारच्या कंडेन्सरचा, हेही तो जाणत असे.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळावयाचे. आपल्या घाटांतील जुने दृश्य पुष्कळांना आठवत असेल. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना ओळीने गाड्या बॉनेट उघडून उभ्या असत. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाला खेटून बसविलेला असे. चढावर इंजिन तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. उपाय काय, तर पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबणे. पाहणाऱ्याला तो तोडगा वाटे. वस्तुतः वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर करण्याचा तो अगदी शास्त्रशुद्ध उपाय होता. मात्र उकळत्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडावयाचे नाही आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतावयाचे नाही, हा दंडक होता. फियाटचे हेड अल्युमिनिअमचे, ब्लॉक लोखंडाचा. दोन धातू सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. घाई केली की हेड वाकडे होई, गॅस्केट उडे आणि शंभर रुपयांचे काम हजारांवर जाई.

तिसरी गोष्ट सिलिंडरची. तिची परीक्षा धुरावरून होई. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे, म्हणजे रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची बाजू गेली. काळा असेल तर पेट्रोल जास्त येते आहे, कार्ब्युरेटर पाहावा. पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर गॅस्केटमधून पाणी सिलिंडरात शिरते आहे. वैद्य नाडी पाहून जिभेकडे वळतो, तसा मेस्त्री धूर पाहून प्लग काढून पाही. बदामी रंगाचा कोरडा प्लग आरोग्याचे लक्षण, काजळी धरलेला किंवा तेलकट प्लग विकाराचे. शिवाय कान होतेच. टॅपेटची टिकटिक निराळी, बेअरिंगची खोल ठोक निराळी. 'टिकटिक ऐकू आली तर घरी जा, ठोक ऐकू आली तर गाडी तेथेच उभी कर,' अशा आशयाची शिकवण प्रत्येक गॅरेजमध्ये दिली जाई.

हे सर्व ज्ञान कोठे शिकविले जात होते? पुलाखालच्या गाळ्यात, गल्लीच्या टोकाला, पिंपळाच्या सावलीत. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली लागे. आरंभी सुटे भाग रॉकेलमध्ये धुणे आणि मागितलेला पाना देणे, एवढेच त्याचे काम. फियाटचे पाने मिलिमीटरचे आणि अँबॅसडरचे इंचाचे, हा त्याचा पहिला पाठ. मग चाके काढणे, मग किंगपिनांना ग्रीस मारणे, ब्रेकमधील हवा काढणे, पॉइंट लावणे. आणि इंजिन उघडण्याचा मान कित्येक वर्षांनी. पोटासाठी शाळा सोडावी लागलेली ही मुले होती, त्यामुळे या व्यवस्थेचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही. मारही पुष्कळ खावा लागे. पण त्या गाळ्यांतून या देशाची एक मोठी यंत्रशाळा उभी राहिली, ही वस्तुस्थिती आहे. तिची परिभाषाही तेथेच घडली. 'गाडी मिसिंग करते', 'पिकअप घेत नाही', 'इंजिन काम मागते', हे शब्दप्रयोग कोणत्याही परिभाषा समितीने बनविले नाहीत. ते इतके नेमके होते, की एका वाक्यावरून दुसऱ्या गावच्या मेस्त्रीला दुखणे समजे.

मेस्त्रीच्या पाठीशी आणखी पुष्कळ माणसे होती. सिलिंडर झिजला तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविणारा, लेथवर नवा बुश उतरवून देणारा टर्नर, पत्रा ठोकून सरळ करणारा टिंकर, स्प्रिंगांच्या पाट्या जुळविणारा लोहार, आणि चोरबाजारात व कुर्ल्याच्या रस्त्यावर मोडीतल्या गाडीचा हवा तो भाग काढून देणारा दुकानदार. मुंबईने टॅक्सीसाठी फियाट पसंत केली आणि कलकत्त्याने अँबॅसडर, याचे एक मोठे कारण येथेच आहे. ज्या शहराजवळ जी गाडी बनते, तिचे भाग आणि तिचे जाणकार तेथे पावलोपावली मिळतात. १९९० नंतरच्या दशकात मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या साठ हजारांवर होती, आणि त्यांत बहुतेक पद्मिनीच होत्या. रात्रंदिवस चालणाऱ्या या गाड्या कारखान्याच्या भरवशावर चालल्या नाहीत. त्या या गल्लीबोळांच्या भरवशावर चालल्या.

तथापि प्रत्येक यंत्राला त्याचा काळ असतोच. फियाटचा खरा शत्रू इंजिनात नव्हता, पत्र्यात होता. जुन्या गाड्यांत खाली भक्कम सांगाडा आणि वर निराळे अंग अशी रचना असे. अकराशेत अंग आणि सांगाडा एकच. गाडी त्यामुळे हलकी आणि चपळ झाली, पण पत्रा गंजला की तिचा कणाच गंजला असे होऊ लागले. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा दारांखालच्या पोकळ भागांत शिरून बसे. इंजिन पुन्हा पुन्हा बोअर करता येते. गंजलेल्या पत्र्याला ठिगळ लावावयाची मर्यादा असते. आजही जुनी फियाट घेणाऱ्याने आधी बॉनेट उघडू नये. गालिचा उचलून तळ पाहावा.

दुसरीकडे काळही बदलत होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती गाडी ग्राहकाच्या हाती पडली. १९९१ नंतर परदेशी कारखाने आले. पाठोपाठ कार्ब्युरेटर आणि पॉइंट गेले. त्यांच्या जागी पेट्रोलचे थेंब मोजून सोडणारी विद्युत्-यंत्रणा आली. आता दोष संगणक सांगतो आणि भाग दुरुस्त न करता बदलला जातो. याविषयी हळहळ व्यक्त करताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. नवी गाडी जुनीपेक्षा कमी धूर सोडते, कमी अडते आणि अपघातात माणसाला अधिक वाचविते. जुन्या फियाटला ना हवेची उशी, ना धूर शुद्ध करणारे उपकरण. २००१ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे जुन्या टॅक्सी सी. एन. जी. वर आणाव्या लागल्या, त्या शहराच्या फुप्फुसांच्या रक्षणासाठी. पुढे टॅक्सीचे आयुष्य आधी पंचवीस आणि नंतर वीस वर्षे असे ठरविण्यात आले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ चा दिवस मुंबईत पद्मिनी टॅक्सीवाचून उगवला. तो निर्णय अन्यायाचा होता असे मला म्हणवत नाही. साठ हजार जुनी इंजिने शहराच्या श्वासावर लादण्याचा हक्क आपल्या आठवणींना नाही.

पण टॅक्सी जाणे निराळे आणि विद्या जाणे निराळे. जुन्या गाड्यांचे जतन करण्याची चळवळ जगात नवी नाही. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारी धावल्या, त्या घटनेच्या स्मरणार्थ इंग्लंडात १९२७ पासून जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली, आणि १९३० साली अशा गाड्यांच्या धन्यांनी आपले मंडळ स्थापन केले. आपल्याकडे 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीस जुन्या गाड्यांची शर्यत सुरू केली. २०२१ साली भारत सरकारने नियम करून, पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली. त्या रोज रस्त्यावर आणावयाच्या नाहीत आणि धंद्यासाठी वापरावयाच्या नाहीत, ही त्यातील अट योग्यच आहे. या हिशेबाने १९७४ ची पद्मिनी २०२४ साली पन्नाशीला पोचली. ती आता कायद्याच्या दृष्टीने वारसा ठरू शकते. मात्र तिला पन्नाशीपर्यंत आणणाऱ्या मेस्त्रीची नोंद कोणत्याच नियमात नाही.

आणि त्याच्यावाचून हा वारसा टिकावयाचा कसा? जुनी गाडी झाकून ठेवली म्हणजे टिकते, हा समज खोटा आहे. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सुकून त्याची राळ होते, ब्रेकच्या चाकांतील सिलिंडर गंजून धरतात, बॅटरी मरते, टायर एका जागी बसतात, उंदीर वायरी कुरतडतात. पंधरवड्यातून एकदा तरी तिला दहा-वीस किलोमीटर फिरविणे, तेल वेळेवर बदलणे, ब्रेकचे तेल ओलावा धरते म्हणून तेही ठराविक काळाने बदलणे, ही तिची खरी सेवा. शिवाय बाहेरचे जग तिच्यासाठी थांबलेले नाही. २००० साली पेट्रोलमधील शिसे गेले; ते हवेच्या दृष्टीने उत्तमच झाले, पण लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक त्या शिशाच्या आधाराने टिकत होती, तेथे कठीण धातूच्या कड्या बसविणे आले. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. आपल्याच उसाच्या मळ्यांतून येणारे हे इथेनॉल जुन्या गाडीचे रबर खराब करते आणि ओलावा ओढून घेते. तेव्हा पंपाचा पडदा आणि नळ्या त्याला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्या लागतात. म्हणजे गाडी पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी तिचे दुखणे आजचे असू शकते, आणि ते ओळखावयास जुनी विद्या जाणणारा जिवंत माणूस लागतो.

असे लोक आता थोडे उरले आहेत. ज्यांनी डुक्कर फियाटवर हात बसविला त्यांतले बहुतेक गेले. पद्मिनीवाले साठी-सत्तरीला आले. त्यांची मुले या धंद्यात नाहीत, आणि नसावीत असे त्यांनीच ठरविले, कारण समाजाने त्या कौशल्याला पैसाही बेताचाच दिला आणि मान तर त्याहून कमी. आपण बखरी जपल्या, ताम्रपट वाचले, जुन्या वाड्यांच्या दरवाजांची मोजमापे घेतली. मग एका मेस्त्रीजवळ बसून, पॉइंटची फट तो फीलरगेजवाचून कशी साधतो, झिजलेला किंगपिन चाक हलवून कसा ओळखतो, कोणत्या आवाजाला तो कोणते नाव देतो, हे लिहून ठेवावयास आपल्याला हरकत कोणती? १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. तिच्यातून निघालेल्या संस्था गावोगावी आहेत. त्यांतील एखाद्या शाळेने एक जुनी फियाट अंगणात आणावी, एका वृद्ध मेस्त्रीला मानधन देऊन बोलवावे आणि मुलांच्या हाती पाने द्यावेत. नव्या विद्युत्-मोटारी शिकणाऱ्या मुलांचाही त्यात लाभच आहे. दोष कोठे आहे हे अनुमानाने, क्रमाने आणि प्रत्यक्ष पाहून ठरविण्याची शिस्त यंत्र बदलले म्हणून बदलत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी अद्याप उभी आहे, त्यांना शेवटी एवढीच विनंती. तिचे कागद जपून ठेवलेच असतील. त्यांच्याबरोबर एक वही ठेवा. केव्हा काय बिघडले, कसे दुरुस्त झाले, कोणता भाग कोठून आणला, हे तारखेनिशी लिहा. आणि दुरुस्ती ज्याने केली त्याचे पूर्ण नाव तेथे अवश्य लिहा. या मोटारीचा इतिहास पुढे कोणी लिहावयास बसेल, तेव्हा त्याला ती वही उपयोगी पडेल.